एकशे बारावं पान

१

त्या पत्राला भाऊजींनी उत्तर दिलं नव्हतं. तशी उत्तरं सात लिहून झाली होती, पण पोस्टात एकही पडलं नव्हतं.

पत्र होतं चार ओळींचं. वरच्या खोलीत दहा दिवस राहून गेलेल्या पाहुणीने वाचायला नेलेल्या कादंबरीत ते ठेवलं होतं, आणि खोली झाडायला गेलेल्या मावशींनी ते पुस्तकासकट खाली आणून दिलं होतं. “तुमचं पुस्तक परत करते आहे. एकशे बाराव्या पानावरचं वाचलं. हे खरंच तुमचं मत आहे का? एका ओळीत कळवलंत तरी पुरे.” खाली पत्ता. बॉलपेन इतकं दाबून चालवलेलं, की कागदाच्या मागून बोट फिरवलं तरी अक्षरं हाताला लागत.

भाऊजींनी एकतीस वर्षं ग्रंथालयात काढली होती. पुस्तक परत आलं की ते उलटं धरून झटकायचं, ही सवय निवृत्तीनंतरही हातातून गेली नव्हती. लोक पुस्तकात काय काय विसरतात याची त्यांच्याकडे एक पेटीच होती: तिकिटं, केसांच्या पिना, दातांचा एक एक्स-रे. तसं हेही पुस्तक त्यांनी झटकलं. पत्राखेरीज काही पडलं नाही.

मग त्यांनी एकशे बारावं पान उघडलं. कादंबरीतली बाई पहाटे घर सोडून निघते, आणि लेखक मध्येच आपलं शहाणपण सांगतो, की जाणाऱ्याला निरोप नको असतो, अडवणारं कुणीतरी हवं असतं. त्या वाक्याशेजारी भाऊजींनीच कधीकाळी पेन्सिलीने बारीक खूण केली होती. म्हणजे पाहुणी विचारत होती, तुम्हाला हे पटतं का? भाऊजींना धन्य वाटलं. इतक्या वर्षांत कुणी त्यांना एखाद्या वाक्याबद्दल मत विचारलं नव्हतं.

पण त्याच पानाच्या तळाशी निळ्या शाईचा डाग होता, फराटे ओढल्यासारखा. ते बघून मन जरा खट्टू झालं. पुस्तक वाचता येतं लोकांना, सांभाळता येत नाही.

पहिलं उत्तर लांबलं. दुसरं फारच विद्वत्तेचं झालं. चौथ्यानंतर त्यांना शंका आली, की ते वाक्य आपल्याला मुळात पटतं की नुसतं आवडतं? सातवं त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं आणि तो सदरा धुवायला गेला.

असे तेरा दिवस गेले. चौदाव्या दिवशी सकाळी वहिनी फोन हातात घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. एरवी त्या दारात थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “आपल्या घरात माणसांवर पाळत ठेवतात म्हणे.”

२

थोरले बंधू गेल्यावर वरची खोली रिकामी झाली. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती. दिवसभर त्या खोलीच्या कुलपाकडे बघण्यापेक्षा वहिनींनी ती खोल्या भाड्याने देण्याच्या ॲपवर टाकली, आणि गेली सहा वर्षं तिथे चार दिवसांचे, दहा दिवसांचे पाहुणे येऊन राहत. पाचपैकी चार पूर्णांक नऊ स्टार होते. वहिनींना माहेरच्या कौतुकाइतका त्या नऊचा अभिमान होता.

पाहुणा गेला की त्याच्याबद्दल दोन ओळी लिहाव्या लागत. पाहुणे घराबद्दल लिहीत, घर पाहुण्यांबद्दल. या कामाची घरात एक रीत पडली होती. वहिनी तोंडाने सांगत, भाऊजी शाईपेनने उतरवून घेत आणि मग ते मऊ करत. “गबाळा” सांगितलं की “मोकळ्या स्वभावाचे” व्हायचं. “भांडकुदळ” असेल तर “स्वतःची मतं असलेल्या”. रात्रभर तारस्वरात गाणारे गृहस्थ “संगीतप्रेमी” म्हणून गेले. लेखी मजकूर जावयाकडे जायचा आणि जावई तो ॲपवर चढवायचा. कच्चे कागद भाऊजी क्रमांक घालून फाइलमध्ये लावत. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कागद लिहिला की त्याला क्रमांक हवा, एवढंच.

वहिनींनी फोन टेबलावर ठेवला. एकच स्टार. खाली लिहिलं होतं:

“खोली स्वच्छ आहे. पण इथे तुम्ही एकटे नसता. रात्री दिवा किती वेळा लागला, नळ सोडून कोण किती वेळ रडलं, याची इथे नोंद होते. न केलेल्या गोष्टीही तुमच्या नावावर लिहिल्या जातात. मी रोज सकाळी टेबलावर दोन कप मांडत होते म्हणे. मी तसं कधी केलं नाही. आणि वर शेरा, ‘अशा माणसाला घर देऊ नये.’ मी मोठ्या विश्वासाने इथे आले होते. सावध राहा.”

भाऊजींनी ते तीनदा वाचलं. ‘घर देऊ नये’ हे वाक्य कुठेतरी वाचल्यासारखं वाटलं. पण त्यांना सगळीच वाक्यं कुठेतरी वाचल्यासारखी वाटत.

ॲपवाल्यांनी पुढची सगळी बुकिंगं थांबवली होती. कॅमेरा आहे काय, असल्यास कुणी बसवला, याचा खुलासा तीन दिवसांत हवा होता. तो पाहुणीच्या अभिप्रायाखाली सगळ्यांना दिसेल असा छापला जाणार होता.

“खुलासा मी ठरवलाय,” वहिनी म्हणाल्या. “खोलीत जातं कोण? मी गुडघ्यांमुळे वर चढत नाही. तुम्ही भिडेपोटी चढत नाही. राहिल्या मावशी. आत डोकावल्या असतील, त्या बाईला काहीतरी बोलल्या असतील. लिहून टाका, सफाई करणाऱ्या बाईंना कामावरून काढून टाकलं आहे.”

मावशी अकरा वर्षं या घरात काम करत होत्या. गल्लीतली आणखी चार घरं त्यांना मिळाली होती ती वहिनींच्या शब्दावर. पाहुण्यांच्या खोलीत डोकावणारी बाई असा शिक्का एकदा चारचौघांत बसला, की ती चारही दारं बंद होणार, हे सांगायला कुणा शहाण्याची गरज नव्हती.

“दोन दिवस थांबा,” भाऊजी म्हणाले. आपला आवाज इतका ठाम आलेला ऐकून ते स्वतःच दचकले.

“तुम्ही शोधणार?”

“बघतो. पुस्तकं हरवली की मीच शोधायचो.”

वहिनींनी त्यांच्याकडे निरखून बघितलं आणि मान हलवली. त्या आत गेल्यावर भाऊजी खुर्चीत बसले. ती पाहुणी खरंच नळ सोडून रडत असे. वरच्या न्हाणीघराचा पाइप त्यांच्या उशाशेजारून खाली जात होता, आणि ते रडणं त्यांनी स्वतः ऐकलं होतं. जिवंत माणसाला त्यांनी त्याबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं.

मग पाहुणीला ते कुणी सांगितलं?

३

आधी कॅमेऱ्याचा सोक्षमोक्ष. वरच्या खोलीच्या छतावर एक पांढरी डबी होती आणि तिच्यात तांबडा ठिपका लुकलुकत असे. ती जावयाने बसवली होती. वहिनी कण्हत जिना चढल्या, त्यांनी स्टूल धरलं, आणि सत्तरीतले भाऊजी त्यावर उभे राहिले.

“पडलात तर रिव्ह्यूमध्ये काय लिहू?” वहिनींनी विचारलं.

“उंचीची आवड असलेले.”

डबीत बॅटरी निघाली आणि मेलेली माशी. धुराची सूचना देणारं यंत्र होतं ते, दुसरं काही नाही. उशी, पडदे, घड्याळ, आरसा, सगळं पालथं घातलं. कॅमेरा नव्हता.

जावयाला फोन लावला. जावई हुशार होता आणि हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. भाऊजींनी आडून आडून विचारलं, की आपण पाहुणीबद्दल जे लिहिलं ते वाचून तर ती चिडली नसेल?

“शक्यच नाही, काका. दोन बंद पाकिटं समजा. एक तिचं, एक आपलं. दोन्ही आल्याशिवाय कुठलंच फुटत नाही. चौदा दिवसांची मुदत. एकदा फुटलं की मग कुणाला एक काना बदलता येत नाही. तिने तिचं टाकलं तेव्हा आपलं तिला दिसतच नव्हतं. आणि आपण काय वाईट लिहिलं होतं? ‘शांत, नीटनेटक्या. पुन्हा जरूर याव्यात.’ तुम्हीच दिलेला मजकूर.”

मूळ मजकुरात “पुस्तकं जपणाऱ्या” असंही होतं. तो शाईचा डाग बघून भाऊजींनी ते खोडलं होतं. हे त्यांनी जावयाला सांगितलं नाही.

“तिने कधी टाकलं?”

“शेवटच्या दिवशी. मुदत संपायला थोडेच तास राहिले होते. चिडलेला पाहुणा टॅक्सीत बसल्याबसल्या लिहितो, काका. ही बया तेरा दिवस थांबली. कशाची तरी वाट बघत असणार.”

“आणि ते वाक्य? अशा माणसाला घर देऊ नये?”

“मी असलं काही कधीच टाइप केलेलं नाही. कुणाबद्दलच नाही.”

भाऊजींनी फोन ठेवला. वाक्य ॲपवर कधी आलंच नव्हतं, आणि पाहुणीने मात्र ते जसंच्या तसं वाचलं होतं. कुठे?

४

समोरच्या घरात एक निवृत्त अधिकारी राहत. त्यांना सगळे दुर्बीण म्हणत, कारण पक्षी बघण्याच्या दुर्बिणीशिवाय ते खिडकीत दिसतच नसत. त्यांनीही एक खोली ॲपवर टाकली होती आणि त्यांचे स्टार चार पूर्णांक सहावर अडले होते. वहिनींचा दुसरा संशय त्यांच्यावरच होता. जळका माणूस, म्हणाल्या.

भाऊजींना कुणाच्या घरी जाऊन चौकशी करणं म्हणजे दात काढून घेण्यासारखं. ते एक पक्ष्यांचं पुस्तक काखोटीला मारून गेले.

दुर्बीण खुशीत होते. “तुमच्या नऊचं काय झालं म्हणे? चालायचंच. आम्हाला सहाची सवय आहे.” मग पुस्तक चाळता चाळता त्यांनी आपण होऊनच सांगितलं, की त्या बाईंचा दिवा एका रात्रीत तीनदा लागल्याचं त्यांनी पाहिलं होतं, आणि त्यापायी कौलावर बसलेलं घुबड उडून गेलं होतं. वहीत नोंद होती. तारीख, वेळ, घुबड.

भाऊजींनी चहाचा कप खाली ठेवला. इतक्या सहज? गुन्हेगार इतक्या सहज बोलतो का? त्यांनी त्या खुर्चीत बसून बघायची परवानगी मागितली.

दुर्बिणीतून खोलीची खिडकी तळहातावर आल्यासारखी दिसत होती. पडदा, दिवा, कपाटाची पाठ. टेबल कपाटाआड होतं. न्हाणीघर घराच्या पलीकडच्या अंगाला.

“नळ ऐकू येतो का इथून?”

“कसला नळ? मला शेजारी बसलेली बायको ऐकू येत नाही.”

म्हणजे यांना दिवा दिसत होता, पण नळ ऐकू येत नव्हता आणि टेबल दिसत नव्हतं. घरी परतताना भाऊजींनी मनात मांडणी केली. दिवा लागला की उजेड दुर्बिणींच्या भिंतीवर पडतो आणि तो वहिनींना पलंगावरून दिसतो; “आज परत जागरण” असं त्या सकाळी म्हणत. नळ मला ऐकू येतो. कप खोलीत गेल्याशिवाय दिसणार नाहीत. तिन्ही गोष्टी कळाव्यात अशी एकही जागा साऱ्या गल्लीत नाही. एका डोळ्याचं हे काम नव्हतं.

आणि कप तर पाहुणीने मांडलेच नव्हते. डोळा असो की कॅमेरा, न घडलेलं कसं बघेल?

५

मावशी गच्चीवर चादरी वाळत घालत होत्या. वहिनी सकाळी काय म्हणाल्या ते त्यांच्या कानावर गेलं असावं, कारण भाऊजींना बघताच त्यांनी चिमटे खाली ठेवले.

“काढायचं तर तोंडावर सांगा, भाऊजी. फोनवर छापू नका.”

“काढत नाही. मला फक्त कपांचं सांगा.”

मावशींच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तो उडताना भाऊजींनी पाहिला. अकरा वर्षं, आणि शेवटी वहिनीच बरोबर निघणार?

“कुठले कप?” मावशी म्हणाल्या.

“वरच्या खोलीतले. ती जोडी.”

मावशींनी हातातली चादर दोरीवर टाकली. मग मावशी कठड्यावर टेकल्या.

“जोडी नाही आता. माझ्या हातून फुटला एक. वहिनींच्या लग्नातली जोडी ती, सांगायची छातीच झाली नाही. त्या जागी स्टीलचा पेला ठेवला. वहिनी वर येत नाहीत, म्हटलं निभेल.”

“कधी फुटला?”

“आधीचे ते बाबा गेले ना, त्या दिवशी.”

“म्हणजे ही पाहुणी आली तेव्हा—”

“एकच कप होता. दोन मांडणार कुठून? दोन मांडायचे ते बाबा. चार महिने झाले. बायको गेलेली त्यांची. रोज सकाळी एक कप आपल्यासमोर, एक पलीकडे. दोन्हींत चहा. पलीकडचा तसाच गार व्हायचा आणि मी तो ओतून टाकायची.” मावशींनी पदर तोंडाशी नेला. “मीच ते वहिनींना सांगितलं होतं. बोलून बसले. तेही रडायचे हो, नळ सोडून.”

 भाऊजी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. वहिनींना उजेड दिसला. मला नळ ऐकू आला. मावशींनी कप पाहिले. या तिघांचं बघणं एकत्र येतं अशी जागा घरात एकच होती, आणि ती त्यांच्या स्वतःच्या टेबलावर होती.

६

फाइलमध्ये एकसष्ट कागद असायला हवे होते. भाऊजींनी ते टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. साठ होते. साठावा होता, एकसष्टावा होता, एकोणसाठावा नव्हता. एकोणसाठावे पाहुणे म्हणजे ते बाबा.

आता ती दुपार आठवली. वहिनी सांगत होत्या, भाऊजी घेत होते. सांगितलेलं उतरवताना त्यांचं डोकं नेहमी पुढे पळत असे, की हे मऊ कसं करावं. दिवा वहिनींनी सांगितला. कप मावशींकडून आलेले. नळाची ओळ भाऊजींनी स्वतः जोडली, माहिती पुरी असावी म्हणून. शेवटी वहिनी वैतागून म्हणाल्या, “रडं घेऊन फिरतात आणि आपल्या भिंतींना लावून जातात. लिहा, अशा माणसाला घर देऊ नये.” ते लिहून होतंय तोवर दाराची घंटा वाजली. ते बाबाच होते, विसरलेला चष्मा न्यायला आले होते. भाऊजींनी घाबरून तो कागद जवळच्या पुस्तकात सारला आणि पुस्तक मिटलं. शाई ओली होती. नंतर दुसऱ्या कागदावर त्यांनी नवं लिहिलं, “अबोल, नीटनेटके. जरूर घर द्यावं,” आणि तेच जावयाकडे गेलं.

पहिल्या कागदाचं पुढे काय झालं?

भाऊजी कपाटाकडे गेले. कादंबरी उतरवली. एकशे बारावं पान. तळाशी तो निळा डाग. चौदा दिवस ते त्या डागाला पाहुणीचा निष्काळजीपणा समजत होते. पण पाहुणीचं पत्र बॉलपेनचं होतं. बॉलपेन असा डाग पाडत नाही. या घरात ओली शाई एकाच माणसाच्या पेनात असते.

दाढीचा आरसा आणून त्यांनी पानाला टेकवून धरला.

फराटे सरळ झाले. त्यांचंच अक्षर, त्यांची ती ओळखीची लांब वेलांटी. “...माणसाला घर देऊ नये.”

आरसा हातातून सुटला. फुटला नाही, गादीवर पडला. पण भाऊजींच्या आत काहीतरी फुटल्यासारखं झालं. एकतीस वर्षं परत आलेलं प्रत्येक पुस्तक त्यांनी झटकून घेतलं होतं. देताना कधीच नाही. देताना कोण झटकतं? त्या रडवेल्या बाईने वाचायला काहीतरी मागितलं, आणि त्यांनी मोठ्या आनंदाने तिच्या हातात ते पुस्तक ठेवलं होतं.

त्या पानात सापडलेला जो कागद ती सोबत घेऊन गेली, त्यावर नाव नव्हतं, नुसते ‘पाहुणे’. दिवा तिचाही लागत होता. नळ तीही सोडत होती. कप तेवढे जुळत नव्हते, पण त्यामुळे तिला काय वाटलं असेल? की हे लोक आपल्याला वेडी ठरवताहेत. तरीही तिने भांडण केलं नाही. तिने विचारलं, हे खरंच तुमचं मत आहे का? एका ओळीत कळवलंत तरी पुरे. आणि ती तेरा दिवस त्या एका ओळीची वाट बघत थांबली.

त्या तेरा दिवसांत आपण काय करत होतो, ते आठवून भाऊजींना आपल्याच कानशिलात मारून घ्यावीशी वाटली. कादंबरीकाराच्या वाक्यावर सात मसुदे.

खरा धक्का मात्र त्यापुढे होता. टेबलावरचे साठ कागद गोळा करताना ते वाचू लागले. कोण किती वाजता निजलं, कुणाच्या खोलीतून भांडण ऐकू आलं, कोणती बाई फोनवर कुणाला काय म्हणाली. सगळं सुवाच्य, क्रमांक घालून. पाहुणीने लिहिलं होतं की या घरात नोंद होते. कॅमेरा शोधायला ते स्टुलावर चढले होते, आणि नोंदवही त्यांच्याच खणात होती.

तिचं प्रत्येक अक्षर खरं होतं.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वहिनींना आणि मावशींना स्वयंपाकघरात बसवलं. रहस्य उलगडून सांगताना माणूस जरा ताठ बसतो म्हणतात. भाऊजी ओट्याला टेकून उभे होते आणि त्यांची नजर फरशीवरून वर येत नव्हती. त्यांनी पुस्तक उघडलं, आरसा धरला आणि एकेक गोष्ट क्रमाने सांगितली. कपाची गोष्ट सांगताना त्यांनी मावशींकडे बघितलं.

“फुटला तो कप माझ्या हातून, वहिनी,” मावशी म्हणाल्या.

वहिनींचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या आरशात बघत होत्या. “हे मी म्हणाले होते,” त्या हळूच म्हणाल्या. “त्या बाबांबद्दल. हे गेले त्या वर्षी मी काय कमी रडले होते?”

 थोरले बंधू गेले त्या वर्षी त्या खोलीतला नळ कोण सोडत असे, ते भाऊजींनाही माहीत होतं आणि मावशींनाही.

दुपारी जावयाचा फोन आला. खुलासा त्याने तयारच ठेवला होता: पाहुण्यांचा गैरसमज झाला आहे, संबंधित बाईंना कामावरून काढलं आहे. भाऊजींनी आपला मजकूर वाचून दाखवला. 

“काका, हे टाकलंत तर खोली कायमची बंद होईल.”

“होऊ दे.”

“थोडं मऊ करा ना. तुम्हाला येतं ते.”

“येतं. म्हणूनच नको. तू फक्त सांग, कुठे दाबायचं.”

सहा वर्षांत त्यांनी त्या ॲपला बोट लावलं नव्हतं. वहिनींच्या फोनवर एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं: “या पाहुण्यांनी लिहिलं ते खरं आहे. घरात कॅमेरा नाही, पण पाहुण्यांबद्दल कागदावर लिहून ठेवलं जात असे, आणि ते मी लिहीत होतो. त्यांच्या हाती पडलेला कागद त्यांच्याबद्दलचा नव्हता. तो माझ्या निष्काळजीपणाने त्यांच्यापर्यंत गेला. त्यात खोली सांभाळणाऱ्या बाईंचा दोष नाही. सगळे कागद मी फाडले आहेत.”

वहिनी खांद्यावरून वाचत होत्या. भाऊजींचं बोट बटणावर थबकलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, की आता त्या मऊ करायला सांगतील.

“आणखी एक ओळ घाला,” वहिनी म्हणाल्या. “देऊ नये, हे शब्द माझे होते. मी घरमालकीण.”

भाऊजींनी ती घातली आणि बटण दाबलं. मावशी उठल्या आणि त्यांनी चहा टाकला. वहिनींचा त्यांनी न विचारता स्टीलच्या पेल्यात ओतला, आणि वहिनींनी तो न बोलता घेतला.

मग भाऊजी आपल्या खोलीत गेले. फाडलेल्या कागदांची टोपली पायाने सरकवली, पाहुणीचं पत्र समोर ठेवलं आणि शाईपेनचं टोपण काढलं. तिने एक ओळ मागितली होती. ती लिहायला तेरा दिवस लागायला नको होते.

“नाही. ते तुमच्याबद्दल नव्हतं, आणि ज्यांच्याबद्दल होतं त्यांच्याबद्दलही ते खरं नव्हतं.”

आठवा मसुदा करायचा मोह झाला. त्यांनी कागद टिपकागदावर पालथा घातला, शाई पूर्ण सुकू दिली, मग घडी करून पाकिटात ठेवला आणि तिच्याच पत्रातून पत्ता उतरवला.

पोस्टाची पेटी गल्लीच्या तोंडाशी होती. समोरच्या खिडकीत दुर्बीण त्यांच्या दिशेने वळली. भाऊजींनी तिला मान लववून नमस्कार केला. पेटीपाशी येऊन ते थांबले. पाकीट अजून चिकटवलेलं नव्हतं. त्यांनी ते उलटं धरलं आणि झटकलं. एक घडी खाली पडली, त्यांचीच. दुसरं काही नव्हतं. ती उचलून परत आत घातली, पाकीट जिभेने ओलं करून बंद केलं, आणि पेटीत टाकलं.